हेरकथेचे पंचांग

ऐतिहासिक कादंबरी खरी की खोटी याची चर्चा मराठीत बहुधा पोशाख, शस्त्रे, भाषा आणि तिथी-वार यांच्याभोवती फिरते. शिवकाळातल्या मावळ्याच्या हाती चहाची कपबशी दिली की वाचक हसतो आणि ते हसणे रास्तही असते. दुसऱ्या महायुद्धाच्या पार्श्वभूमीवरील हेरकथेला मात्र ही कसोटी अपुरी पडते, कारण हेरगिरी हा मुळात माहितीचा व्यवहार आहे आणि त्या व्यवहारातील प्रत्येक घटनेला दोन तारखा असतात : एक ती घडल्याची आणि दुसरी ती कळल्याची. या दोहोंमध्ये कधी एका रात्रीचे अंतर असते, तर कधी तीस-पस्तीस वर्षांचे. कोणत्या पात्राला कोणती गोष्ट केव्हा, कोणाकडून आणि किती कळू शकत होती हा हिशेब चुकला, तर गणवेशावरची बटणे कितीही बिनचूक असली तरी कथा इतिहासाच्या दृष्टीने खोटी ठरते.

या अंतराचे सर्वांत ठळक उदाहरण ‘अल्ट्रा’ हे आहे. जर्मन सैन्यदले आपले बिनतारी संदेश ‘एनिग्मा’ नावाच्या यंत्रावर कूटबद्ध करीत असत. टंकलेखन यंत्रासारख्या दिसणाऱ्या या यंत्राच्या पोटात फिरती चक्रे असत. दाबलेल्या अक्षराऐवजी ते दुसरेच अक्षर दाखवी, आणि प्रत्येक दाबाबरोबर चक्र पुढे सरकत असल्याने तेच अक्षर पुन्हा दाबले तर पुन्हा तेच उत्तर मिळेल याची शाश्वती नसे. पोलंडच्या मारियन रेयेव्स्की या गणितज्ञाने १९३२ मध्येच या यंत्राची अंतर्रचना मुख्यतः गणिताच्या बळावर उलगडली, पोलिश तज्ज्ञांनी जुलै १९३९ मध्ये आपले सारे ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंच सहकाऱ्यांच्या हवाली केले, आणि त्या पायावर इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे हजारो माणसांनी युद्धभर जर्मन संदेश वाचले. या वाचनातून हाती येणाऱ्या माहितीला ‘अल्ट्रा’ म्हणत. युद्ध संपल्यावरही ही माणसे गप्प राहिली, आणि सामान्य इंग्रजी वाचकाला या कामाचा आवाका कळला तो १९७४ मध्ये, एफ. डब्ल्यू. विंटरबॉटम यांचे पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर.

१९७४ पूर्वी लिहिल्या गेलेल्या हेरकादंबऱ्यांत अल्ट्राचा मागमूस नाही, हा त्या लेखकांचा दोष मानता येत नाही. दोष दिसतो तो नंतरच्या कादंबऱ्यांत, जिथे छत्रीने फ्रान्समध्ये उतरणारा सामान्य हेरही एनिग्माचा भेद जाणून असतो. प्रत्यक्षात ज्यांना अल्ट्राचे रहस्य सांगितले गेले होते त्यांना शत्रूच्या हाती सापडण्याचा धोका असेल अशा ठिकाणी पाठवू नये, असा दंडक होता, आणि त्यामागचे कारण उघड आहे : छळाखाली एक माणूस बोलला असता, तर सगळी विहीर एका दिवसात आटली असती. म्हणजे कथानायकाला जे ठाऊक आहे तेच त्याला विमानात बसू देणार नाही. उशिरा कळलेल्या गोष्टींचा दुसरा तोटा असा की त्यांच्याबरोबर दंतकथाही येतात. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्री शहरावर होणारा बॉम्बहल्ला चर्चिल यांना आधीच कळला होता आणि अल्ट्राचे गुपित राखण्यासाठी त्यांनी शहर जळू दिले, ही कथा विंटरबॉटम यांच्या पुस्तकाने पसरवली. पुढे कागदपत्रे तपासणाऱ्या इतिहासकारांनी ती नाकारली, कारण लक्ष्य कॉव्हेंट्री आहे असे पंतप्रधानांपर्यंत वेळेत पोचलेच नव्हते. तरीही कादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून ती कथा हटत नाही, कारण नाट्य म्हणून ती फारच सोयीची आहे.

कधी कधी हा क्रम उलटतो आणि कादंबरीच इतिहासाला बाहेर ओढते. ३० एप्रिल १९४३ रोजी ‘सेराफ’ या ब्रिटिश पाणबुडीने स्पेनमधील वेल्वा शहराजवळच्या समुद्रात एक मृतदेह सोडला. अंगावर मरीन दलाच्या अधिकाऱ्याचा वेष, खिशात मेजर विल्यम मार्टिन या नावाची ओळखपत्रे आणि सोबतच्या पेटीत अशी पत्रे होती की ती वाचणाऱ्या जर्मनांना दोस्त राष्ट्रांचा हल्ला सिसिलीवर नसून ग्रीस आणि सार्डिनियावर होणार असे वाटावे. युद्धकाळात मंत्रिपद भूषविलेले डफ कूपर यांनी १९५० मध्ये याच कल्पनेवर एक छोटी कादंबरी प्रसिद्ध केली. सरकारने ती थोपवण्याचा प्रयत्न केला, पण बोभाटा झाल्यावर या बनावाचे एक शिल्पकार इवेन माँटेग्यू यांना खरी हकीकत लिहिण्याची परवानगी मिळाली आणि त्यांचे पुस्तक १९५३ मध्ये आले. त्यातही मृताचे खरे नाव नव्हते. ते अभिलेखागारातून १९९६ मध्ये बाहेर पडले. या एका प्रकरणावर आज लिहिणाऱ्याने कोणत्या साली काय कळले होते याची नोंद समोर ठेवली नाही, तर १९४३ च्या पात्राच्या तोंडी १९९६ चे ज्ञान सहज शिरते.

संस्थांच्या नावांतही हीच मेख आहे. जर्मनव्याप्त प्रदेशात घातपात घडवण्यासाठी आणि तेथील प्रतिकाराला हत्यारे पुरवण्यासाठी ब्रिटनने जुलै १९४० मध्ये ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ ही गुप्त संस्था काढली. वाचक तिला आज एसओई म्हणून ओळखतो. पण लंडनच्या ६४, बेकर स्ट्रीट येथील तिच्या कचेरीचे दर्शनी नाव ‘इंटर-सर्व्हिसेस रिसर्च ब्युरो’ असे होते, आणि तिच्यासाठी काम करणारी कित्येक माणसे आपल्या मालकाचे खरे नाव न जाणताच विमानात बसली. म्हणून १९४३ च्या पॅरिसमध्ये पकडलेल्या हेराने ‘एसओई’ हा शब्द उच्चारला, की जाणकार वाचक पुस्तक मिटतो. जर्मन बाजूलाही सरसकट ‘गेस्टापो’ म्हणून भागत नाही. गेस्टापो हे गुप्त पोलीस खाते होते, ‘एसडी’ ही नाझी पक्षाच्या एसएस संघटनेची गुप्तवार्ता शाखा होती, तर ‘आब्वेर’ हे लष्कराचे हेरखाते अ‍ॅडमिरल कानारिस यांच्या हाताखाली होते. त्यांच्यातली चढाओढ इतकी कडवी होती की १९४४ च्या फेब्रुवारीत कानारिस पदावरून गेले आणि आब्वेर एसएसच्या दावणीला बांधले गेले. या भांडणात कादंबरीला लागणारे कितीतरी नाट्य आयते पडलेले आहे, आणि ते वापरायचे सोडून बहुतेक लेखक काळ्या कोटातला एकच एक क्रूर अधिकारी उभा करतात. शब्दांची तारीखही तपासावी लागते : ‘रडार’ हा शब्द ब्रिटिश सैन्यदलांनी १९४३ मध्ये स्वीकारला, त्याआधी तेथे त्या तंत्राला ‘आरडीएफ’ म्हणत.

तथापि युद्धकालीन हेरकथेचा कणा कोणता असेल, तर तो बिनतारी संदेशांचा. पिस्तुले, विषाच्या गोळ्या आणि खोटे पासपोर्ट यांच्यावर लेखकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. पण व्याप्त फ्रान्समधील हेराचे जगणे-मरणे ठरे ते एका सुटकेसवर. एसओईचा प्रचलित संदेशसंच सुमारे पंधरा किलो वजनाचा होता आणि तो सामान्य प्रवासी पेटीत बसवलेला असे. पेटी साधी दिसली तरी तिचे वजन साधे नव्हते, त्यामुळे फलाटावर ती उचलणाऱ्या बाईचा खांदा किती झुकतो हेच पोलिसाला बरेच काही सांगून जाई. संच चालवायचा तर सुमारे वीस मीटर लांबीची तार पसरावी लागे, आणि संदेश कोणत्या कंपनसंख्येवर जाणार हे संचात खोचलेल्या गारगोटीच्या लहानशा चकतीवर, म्हणजे स्फटिकावर, अवलंबून असे. स्फटिक फुटला तर नेमून दिलेल्या वेळी लंडन कान लावून बसलेले असूनही हेर मुका होई. संदेश मॉर्सच्या कडकट्टाने जात, आणि जसे प्रत्येकाचे हस्ताक्षर वेगळे तसा कळ दाबण्याचा प्रत्येकाचा ‘हात’ही वेगळा असल्याने अनुभवी श्रोत्याला नुसत्या लयीवरून पलीकडचा माणूस ओळखू येई. शत्रूही ऐकत असे. दोन-तीन ठिकाणांहून लहरींची दिशा मोजली की त्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे संच असणार, या तत्त्वावर जर्मनांच्या दिशाशोधक गाड्या गल्ली गाठत, आणि म्हणून संदेश जितका लांब तितका मृत्यू जवळ.

संचावर जास्त वेळ बसावे लागण्याचे एक कारण कूटलिपीत दडलेले होते. युद्धाच्या पहिल्या काळात हेराला एखादी कविता पाठ करायला लावत. संदेश पाठवताना त्याने तीतील पाच शब्द निवडायचे, त्या शब्दांतील अक्षरांना वर्णक्रमाने अंक द्यायचे आणि त्या अंकांच्या आधारे संदेशातील अक्षरांचे उभे रकाने दोनदा उलटेपालटे करायचे. कागदावर पुरावा राहत नाही हा या पद्धतीचा गुण होता, पण त्या गुणापोटीच तिचे तीन दोष जन्मले : प्रसिद्ध कविता असेल तर शत्रू ती ओळखू शकतो, छळ करून ती वदवून घेऊ शकतो, आणि थंडीत, भीतीत, मेणबत्तीच्या उजेडात अंक मांडताना एक अक्षर घसरले तर संपूर्ण संदेश लंडनला न वाचता येणारा होतो. असा संदेश पुन्हा पाठवायला सांगणे म्हणजे त्या माणसाला पुन्हा गाड्यांच्या तोंडी देणे होय, हे ओळखून एसओईचे तरुण कूटतज्ज्ञ लिओ मार्क्स यांनी न उलगडणारे संदेश लंडनमध्येच हजारो प्रयत्नांनी सोडवण्याचा हट्ट धरला, आणि पुढे कवितेऐवजी रेशमी कापडावर छापलेल्या किल्ल्या देण्याची पद्धत आणली. रेशीम कपड्याच्या अस्तरात शिवता येते, झडतीत चुरचुरत नाही, आणि वापरलेली पट्टी कापून जाळून टाकली की हेराच्या डोक्यात शत्रूला उपयोगी पडेल असे काही उरतच नाही.

प्रत्येक हेराला आणखी एक खूण दिलेली असे. ठरावीक ठिकाणी मुद्दाम चूक करायची. पकडले गेल्यावर शत्रूच्या दडपणाखाली संदेश पाठवावा लागला तर ती चूक करायची नाही, म्हणजे लंडनने समजून जावे. कल्पना सुबक होती, फक्त लंडनने समजून जायला हवे होते. मार्च १९४२ मध्ये हेग शहरात लाउवर्स हा डच संदेशवाहक पकडला गेला. त्याने जर्मनांच्या देखरेखीखाली संदेश पाठवताना ठरलेली खूण गाळली, पण लंडनच्या कचेरीने ती उणीव निष्काळजीपणाच्या खात्यात टाकली आणि व्यवहार चालू ठेवला. पुढे जवळजवळ वीस महिने हॉलंडमध्ये उतरणाऱ्या हेरांचे स्वागत जर्मन माणसेच करीत होती. पन्नासहून अधिक जण असे थेट तुरुंगात उतरले आणि त्यांतील बहुतेकांना सप्टेंबर १९४४ मध्ये माउटहाउझेन येथील छळछावणीत ठार करण्यात आले. ऑगस्ट १९४३ च्या अखेरीस दोघे कैदेतून निसटून स्वित्झर्लंडला पोचले तेव्हा कुठे संशयाला जागा मिळाली, आणि १ एप्रिल १९४४ रोजी आब्वेरचे अधिकारी गिस्केस यांनी लंडनला उघड्या भाषेत टोमण्याचा संदेश धाडून हा खेळ स्वतःच संपवला. एखाद्या कादंबरीकाराने हे कल्पनेने रचले असते, तर संपादकाने ते अविश्वसनीय म्हणून परत केले असते. यामागे लंडनमधील कोणी फितूर होता असा तर्क पुष्कळांनी केला, आणि कथेला फितूर नेहमीच हवा असतो. परंतु कामाचा रेटा, अहंकार, खात्याखात्यांतील हेवेदावे आणि टेबलावरचा कागद आपल्याला हवा तसा वाचण्याची सवय एवढ्या कारणांनीही माणसे मरतात, हे लिहायला जास्त धैर्य लागते.

नूर इनायत खान यांच्या आयुष्यात हे सगळे धागे एकत्र येतात. त्यांचे वडील हजरत इनायत खान हे सूफी संगीतकार मूळचे बडोद्याचे, आणि ज्या मौलाबक्षांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा उभारली त्यांचे ते नातू. नूर यांचा जन्म १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्कोत झाला, त्या वाढल्या फ्रान्समध्ये आणि मुलांसाठी गोष्टी लिहू लागल्या. फ्रान्स पडल्यावर त्या ब्रिटनच्या महिला हवाई दलात शिरल्या आणि तेथून एसओईत आल्या. त्यांची मुलाखत घेणारे सेल्विन जेप्सन हे स्वतः रहस्यकथा लिहिणारे गृहस्थ होते, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. १६ जून १९४३ च्या रात्री लायसँडर जातीच्या लहान विमानातून त्या फ्रान्समध्ये उतरल्या, आणि पुढच्या काही दिवसांतच पॅरिसमधील त्यांच्या जाळ्यातील माणसे भराभर पकडली गेली. लंडनने परत येण्याचा पर्याय दिला असताना तो नाकारून त्या पॅरिसमध्येच संदेश पाठवत राहिल्या आणि ऑक्टोबरमध्ये पकडल्या गेल्या. त्यांच्याजवळच्या वहीत जुन्या संदेशांच्या नकला सापडल्या. या निष्काळजीपणाबद्दल त्यांना पुष्कळ बोल लावला गेला. परंतु लेखी सूचनेत संदेशांच्या ‘फायलिंग’बाबत फार दक्ष राहा असे म्हटलेले होते, आणि संदेश नोंदवून पाठवणे या अर्थी वापरलेला तो शब्द त्यांनी जपून ठेवणे या अर्थी घेतला असावा, असा खुलासा अभ्यासक देतात. एका शब्दाने माणूस कसा अडकतो याचे असे उदाहरण कोणत्याही पाठलागाच्या दृश्यापेक्षा हेरकथेला जास्त शोभते. नूर यांच्या मृत्यूची कळल्याची तारीखही चुकली होती : युद्धानंतर आधी असे मानले गेले की त्यांना नात्सवाइलर छावणीत मारले, आणि १९४७ मध्ये स्पष्ट झाले की त्यांना १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाउ येथे तीन सहकारी स्त्रियांसह गोळी घालण्यात आली. १९४६ सालातले एखादे पात्र नात्सवाइलरला जाऊन त्यांच्यासाठी फुले वाहत असेल, तर ते ऐतिहासिक दृष्ट्या अचूकच म्हटले पाहिजे.

रोजच्या जगण्याचे तपशील जमवताना संग्रहालयातील वस्तूंपेक्षा टंचाईची यादी अधिक उपयोगी पडते. फ्रान्समध्ये तंबाखूचे रेशन स्त्रियांना मिळत नसे, त्यामुळे चित्रपटातल्याप्रमाणे कॅफेत बसून निवांत धूर सोडणारी हेर बाई लोकांच्या नजरेत भरली असती. घड्याळाचेही तसेच आहे. व्याप्त फ्रान्स बर्लिनच्या वेळेवर चाले आणि ब्रिटन उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे करी, म्हणून बिनतारी संदेशांच्या वेळा ग्रिनिचच्या वेळेत बांधलेल्या असत. भारतात घडणाऱ्या कथेलाही यातून सुटका नाही : १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतीय प्रमाणवेळ तासभर पुढे ढकललेली होती, आणि प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ त्या शहराच्या काही सार्वजनिक व्यवहारांतून १९५५ पर्यंत गेलेली नव्हती. रात्रीच्या प्रसंगांना तर पंचांगच लागते. लायसँडरचे वैमानिक चांदण्यात नदी आणि रस्ते पाहून वाट काढत, म्हणून या फेऱ्या पौर्णिमेच्या आगेमागे आठवडाभरच होत. नूर उतरल्या ती रात्र पौर्णिमेच्या दोन दिवस आधीची होती. अमावास्येच्या रात्री लायसँडर उतरवणाऱ्या कादंबरीला संदर्भग्रंथांची यादी जोडून उपयोग होत नाही.

गंमत अशी की या युद्धातील एक सर्वांत यशस्वी हेर स्वतःच अशा अडचणीत सापडलेला कादंबरीकार होता. ‘गार्बो’ या टोपणनावाने गाजलेला स्पॅनिश गृहस्थ हुआन पुजोल याने जर्मनांना सांगितले की आपण इंग्लंडमध्ये आहोत, आणि प्रत्यक्षात लिस्बनमध्ये बसून प्रवासमार्गदर्शिका व इतर छापील साधने पुढ्यात घेऊन तो इंग्लंडची खबर रचत राहिला. त्याने इंग्लंड पाहिलेले नव्हते. पौंड-शिलिंग-पेन्सचा हिशेब त्याला जमेना, म्हणून खर्चाचे तक्ते गोलमाल होत. ग्लासगोचे कामगार लिटरभर वाइनसाठी काहीही करतील असे त्याने लिहून टाकले, जे बिअर आणि व्हिस्की पिणाऱ्या त्या शहराच्या लेखी हास्यास्पद होते. माद्रिदच्या जर्मन कचेरीला यातले काही खटकले नाही. एप्रिल १९४२ मध्ये ब्रिटिशांनी त्याला लंडनला आणल्यावर त्याने आणि त्याच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने मिळून सत्तावीस काल्पनिक हस्तक निर्माण केले, त्यांना स्वभाव, नोकऱ्या, आजारपणे आणि रुसवेफुगवे दिले, आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीवरील उतरण हा केवळ देखावा असून मुख्य हल्ला कॅलेच्या बाजूला व्हायचा आहे, हे जर्मनांना पटवण्यात या पात्रांचा मोठा वाटा होता. जर्मनांनी त्याला आयर्न क्रॉस दिला, ब्रिटिशांनी एमबीई. अशा फिरवलेल्या हेरांचा कारभार पाहणाऱ्या समितीचे अध्यक्ष जे. सी. मास्टरमन हे ऑक्सफर्डचे इतिहासाचे अध्यापक होते आणि त्यांनी युद्धापूर्वी एक डिटेक्टिव्ह कादंबरी लिहिली होती, हे कळले म्हणजे आश्चर्य वाटेनासे होते.

आता प्रश्न साधनांचा. एसओईच्या कागदपत्रांचा मोठा भाग युद्धानंतर नष्ट झाला. त्यातला काही १९४६ च्या सुमारास बेकर स्ट्रीटच्या कचेरीत लागलेल्या आगीत गेला, काही निरुपयोगी म्हणून फेकला गेला. एम. आर. डी. फुट यांचा फ्रान्समधील कामाचा अधिकृत इतिहास १९६६ मध्ये आला आणि हेरांच्या व्यक्तिगत फायली लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात त्यानंतर कितीतरी वर्षांनी, मुख्यतः २००३ पासून, वाचकांना उघड्या झाल्या. आठवणींच्या पुस्तकांवर विसंबणे सोपे, पण त्यांत पश्चात्‌बुद्धी मिसळलेली असते. नॉर्मंडीच्या उतरणीआधी बीबीसीवरून वाचल्या गेलेल्या व्हर्लेनच्या कवितेच्या ओळी सगळ्या फ्रेंच प्रतिकाराला उठावाचा इशारा होता, असे आजही छापले जाते. वास्तवात त्या एकाच जाळ्यासाठी होत्या, आणि इतरांसाठी इतर अनेक वाक्ये त्या रात्री वाचली गेली.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला धाडसी नायक परका नाही. परकी आहे ती अर्धवट माहितीवर जगणारी माणसे. मराठी लेखकाला अशी माणसे शोधायला लांब जावे लागत नाही, कारण या युद्धातील एक गुप्त मोहीम गोव्याच्या मुरगाव बंदरात घडली. पोर्तुगाल तटस्थ असल्याने युद्ध सुरू झाल्यावर एहरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स ही तीन जर्मन जहाजे आणि आनफोरा हे इटालियन जहाज तेथे आश्रयाला येऊन थांबली होती. एहरेनफेल्सवरच्या लपवलेल्या संचातून हिंदी महासागरातील पाणबुड्यांना खबर जाते असा एसओईच्या भारतातील शाखेचा समज झाला. तटस्थ मुलखात सैन्य पाठवणे शक्य नव्हते, म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या हौशी स्वयंसेवक दलांतील अठराएक व्यापारी-चाकरमान्यांना, ज्यांतले बरेच मध्यमवयीन होते, ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जवर बसवून ८ मार्च १९४३ च्या रात्री तेथे नेण्यात आले. झटापटीत एहरेनफेल्सचा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले, आणि उरलेल्यांनी जहाजे शत्रूच्या हाती जाऊ नयेत म्हणून स्वतःच ती पेटवून बुडवली. ही हकीकत जगाला कळली ती १९७८ मध्ये जेम्स लीझर यांच्या पुस्तकातून, आणि १९८० मध्ये तिच्यावर निघालेल्या इंग्रजी चित्रपटाने तीत एक मोहक हेर बाईही घातली.

या प्रसंगावर मराठीत कादंबरी लिहू पाहणाऱ्याने प्रथम पंचांग उघडावे. ६ मार्चला अमावास्या झालेली, म्हणजे फाल्गुनातली ती रात्र जवळजवळ बिनचांदण्याची. आणि त्या वर्षी ईस्टर २५ एप्रिलला, म्हणजे येऊ शकते तितक्या उशिरा आल्याने १० मार्चच्या भस्म-बुधवाराआधीचा कार्निव्हल, कोकणीतला इंत्रूज, नेमका याच दिवसांत पडलेला. अंधार आणि उत्सव यांची अशी गाठ कादंबरीकाराने मनाने घातली असती, तर ती ओढूनताणून आणल्यासारखी वाटली असती. नंतर नकाशा : जुवारी नदीवर पूल नव्हता, दाबोळीचा विमानतळ १९५० च्या दशकातला, त्यामुळे राजधानी नोव्हा गोव्याहून, म्हणजे पणजीहून, मुरगावला यायचे तर आगशीला फेरीत बसून कुठ्ठाळीला उतरावे लागे. खिशात ब्रिटिश रुपयाबरोबर पोर्तुगीज रुपिया आणि तंगे असत. एका रुपियाचे तंगे सोळा. पाणबुड्यांना खबर देणाऱ्या संचाविषयी लिहिताना मात्र हात आखडता घ्यावा, कारण तो संच हा मोहिमेमागचा समज म्हणून मांडता येतो, सिद्ध घटना म्हणून नव्हे, आणि १९४३ च्या पात्राने तो समज खरा मानला तर त्यात काही गैर नाही.

त्या रात्री धक्क्यावर काम करणारा एखादा हमाल हे पात्र लेखकाला सर्वांत कठीण जाईल. त्याने आग पाहिली, चार जहाजे खाडीत बसलेली पाहिली, दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी खलाशांना ताब्यात घेतल्याचे ऐकले, आणि खलाशांनीच आपली जहाजे पेटवली अशी बोलवा त्याच्या कानी आली, जी अर्धी खरीही होती. अंधारात येऊन अंधारातच परतलेल्या बार्जविषयी त्याला काही ठाऊक नव्हते. लीझर यांचे पुस्तक निघेपर्यंत तो जगला असला तरी ते इंग्रजीत होते, आणि कलकत्त्याचे ते घोडेस्वार तोवर कुठल्या कुठे पांगले होते. आपण लहानपणी पोरांना सांगितलेली गोष्ट अर्धीच होती, हे त्याला समजण्याचा मार्गच नव्हता. कादंबरीत त्याने ती तशीच अर्धी सांगावी.